उद्याच या कुंकू घेऊन

हॅलो?… कोण?… थांबा, मिक्सर बंद करते, काय ऐकू येईना… हां, बोला. कोण?… अगंबाई, अण्णा व्हय! नाव बघितलंच न्हाय रे, हात सगळा शेंगाचटणीचा हाय. बोल की.

आँ? निघालात? कुटं निघालात?… हिकडं? सोलापूरला? आमच्याकडं?… अरे मग काल सांगायचं की! या, या. माहेरची माणसं यायला मला काय मुहूर्त लागतो व्हय!

कोण कोण हाय गाडीत?… अव्वा पण? आईला कशाला एवढ्या लांब, गुडघे धरलेत म्हणत होती की… बरं, सुंदरम्मा वहिनी… तुझा प्रभुलिंग चालवायलाय… बरं… आणि?… स्वामी? मठातले जंगमस्वामी?… ते कशाला रे? डोळे दाखवायचेत का त्यांना दवाखान्यात?

न्हाय?… मग?

… काय म्हणालास?… अण्णा, पुन्हा म्हण. वारं लई यायलंय तुझ्या फोनात.

सिद्धीला साडी नेसवून बसवू… कशाला?

कुंकू लावायला.

… कुणाच्या नावाचं?

… प्रभुलिंगच्या.

न्हाय, न्हाय, हाय मी. ऐकायलीय. खाली बसले जरा, ओट्याला टेकून… न्हाय रे, चक्कर कशाची. बोल तू.

अण्णा, पण हे ठरलं कधी? कुणी ठरवलं? तुमाला या म्हणून कुणी सांगितलं?… सिद्धीनंच? माझ्या सिद्धीनं?… काल संध्याकाळी… ग्रुपवर. आपल्या घरच्या ग्रुपवर… मला काय म्हाईत, चष्मा देवघरात हाय माझा. तूच वाच. काय लिवलंय ते सगळं वाच.

हां… तू प्रभुलिंगचा फोटो टाकलास, नव्या ट्रॅक्टरपाशी उभारलेला… हां… तू लिवलास, ‘आता एक सून आली की घर भरलं, कोण येतंय बोला’… बरं. मग?… ‘मीच येते की मामा’… हां… ‘एवढं नशीब कुणाचं’… पुढं?… ‘नोकरीला लाथ मारते, रोज भाकऱ्या थापते, ट्रॅक्टरला ओवाळते’… अगं आई गं… ‘उद्याच या कुंकू घेऊन’… आणि खाली हात जोडलेत.

… व्हय की. असं तू वाचलास की खरंच वाटायलंय.

असंच वाचून दाखवलास अव्वाला?… रडली?… आनंदानं. व्हय, रडणारच ती. तिची लई वर्षांची इच्छा हाय, लेक गेली त्या घरातनं, नात माघारी यावी म्हणून. म्हाईत हाय मला. मला न्हाय म्हाईत तर कुणाला.

पण अण्णा, तू मला एक फोन तरी… मी? मी कुटं हो म्हटलं?… कसला अंगठा?… अरे मी सगळ्यालाच अंगठा देते! कुणी गुलाब पाठवला तरी अंगठा, कुणी वारलं तरी अंगठा. परवा त्यावरनंच बोलणी खाल्ली की मी! वाचतंय कोण एवढं सगळं?… हे? त्यांनी पण हात जोडले? अण्णा, तुझे दाजी सकाळी दुकान उघडायच्या आधी सगळ्या जगाला हात जोडतात. त्याला काय अर्थ हाय!

थांब जरा. एक मिनिट थांब. ठेवू नको… सिद्धे! ए सिद्धे! हिकडं ये अगोदर! केस मागनं पूस!

… न्हाय अण्णा, तुला न्हाय. पोरीला बोलवायलीय… आज दुपारपाळी हाय तिची, हाय घरातच… तयारी? हां… करायलीय.

(सिद्धे, काल मामाच्या फोटोखाली काय लिवलीस गं?… हसू नको. हसायला काय झालं? निघालेत ते! गाडीत बसलेत! साडी, नारळ, स्वामी, सगळं घेऊन निघालेत!… हां, आता बस की पांढरीफटक होऊन… काय होतं म्हणतीस?… सार्कॅझम. म्हंजे काय?… उलटं बोलायचं. ‘या’ लिवायचं आणि ‘येऊ नका’ समजायचं… कुणी समजायचं? अव्वानं?… हळू बोल, फोन चालू हाय.)

हां अण्णा. बोल… वळसंग आलं? एवढ्यात?… हळू चालवायला सांग की पोराला. रस्त्याचं काम चालू हाय ना तितं… झालं व्हय काम? कधी झालं?

बरं, अण्णा, ऐक ना. मी काय म्हणते, आजच कशाला? जरा पंधरा दिवसांनी… सोमवार हाय, व्हय, चांगला दिवस हाय, म्हाईत हाय… तिनंच ‘उद्याच’ म्हणून लिवलं, व्हय, तेबी म्हाईत हाय… अरे पण हे घरात न्हाईत. दुकानात माल आलाय चादरींचा. आता ह्यांना न विचारता… दाजींना तू फोन केलास? कधी? काय म्हणाले?… ‘या या’ म्हणाले. त्यांना वाटलं असंल जेवायला यायलात!

मग तिच्या नोकरीचं काय अण्णा? आत्ताच कायम झालीय रे चिंचोळीच्या कंपनीत. लॅबमधी एकटी पोरगी हाय ती… लाथ मारते म्हणाली. व्हय. लिवलंय खरं तसं.

आणि माझं बीपी… न्हाय, गोळ्या हायत… हायत रे, आणू नको येताना… काय घेतलंय? हिरवी साडी? कुटनं?… वहिनीनं सकाळी दुकान उघडायला लावलं? कशाला एवढं भारीतलं… बरं, बरं.

(काय गं? … सोड. फोन सोड. तू बोलू नको. तू काल बोललीस तेवढं बास झालं… मीच सांगते. सांगायलीय न्हवं? … तोंडात शब्द याय नको का माझ्या!)

अण्णा… न्हाय, कुणी न्हाय, मांजर होतं… अण्णा, तुला कसं सांगू. हे बघ, तिला प्रभुलिंग म्हंजे भावासारखा… मामाचा पोरगा भाऊ नसतो, म्हाईत हाय मला आपल्यात काय असतं ते. मामाचा मान पहिला. कोण नको म्हणतंय मानाला? पण ह्या पोरींचं आता वेगळं झालंय रे… तिनंच लिवलं, तिनंच लिवलं, तेच काय सारखं! अरे लिवलं म्हणून लगेच साडी घेऊन निघायचं का? एक फोन न्हाय, विचारणं न्हाय! उतावळा नवरा आणि गुडघ्याला…

… न्हाय. न्हाय अण्णा, तसं न्हाय. जीभ घसरली माझी. प्रभुलिंगला न्हाय म्हणाले मी. शिवा शिवा. गुणाचं पोर हाय ते.

माझं डोकं चालंना झालंय.

… काय? होटगीच्या पाव्हण्यांना काय कळवलास?… नको म्हणून? कधी?… आज सकाळी. फोन करून. ‘घरातली पोरगी मिळाली’ म्हणून… अण्णा, काय केलास रे हे… ती पोरगी तर पसंत होती ना तुमाला?… पसंत होती आणि तरी नको म्हणालास.

(ऐकलीस? त्याचं ठरत आलेलं लगीन मोडलं. तुझ्या त्या दोन ओळींपायी. आता कर की काय तरी उलटं.)

अण्णा, गाडी बाजूला घे. सांग त्याला, बाजूला घे म्हणावं… चालत्या गाडीत सांगण्यासारखं न्हाय म्हणून… न्हाय घेणार? बरं, मग ऐक.

तिनं थट्टा केली.

… थट्टा रे. तिला यायचं न्हाय. तिच्या मनातच न्हाय ते. ती थट्टा करत होती काल.

… लाजून न्हाय. लाजली न्हाय ती… गोड मस्करी पण न्हाय अण्णा, पुढं ऐक तरी! ती चिडली होती. तू असा फोटो टाकलास, कोण येतंय बोला म्हणालास, जशी काय दावण रिकामी हाय आणि जनावर आणायचंय, असं वाटलं तिला. म्हणून चिडून उलटं लिवली. ‘एवढं नशीब कुणाचं’ म्हंजे… म्हंजे असलं नशीब नको. ‘नोकरीला लाथ मारते’ म्हंजे मरंपर्यंत सोडणार न्हाय. असं हाय ते.

… ट्रॅक्टरला ओवाळते? ते पण उलटंच… व्हय, म्हाईत हाय रे आपल्यात ओवाळतात, दसऱ्याला अव्वाच ओवाळते. मला म्हाईत हाय. तिला न्हाय म्हाईत. ती हितं सोलापुरात, शुक्रवार पेठेत वाढली, तिनं कुटं ट्रॅक्टर ओवाळलेला बघितलाय! तिला वाटलं, असलं काय तरी लिवलं की शेंबडं पोर पण ओळखंल, ही चेष्टा हाय म्हणून. आणि तुमाला वाटलं, बघा, पोरीला घरची रीत म्हाईत हाय.

हात जोडलेले? ते पण… पाया पडायला न्हाय जोडत रे ते आता. ‘बास करा, कंटाळले’ म्हणून जोडतात… मला काय म्हाईत कधीपासनं! आत्ताच कळलं मला पण!

हां. ही आत्ता सांगायलीय, विरेशनं आणि घरातल्या सगळ्या पोरांनी डोळ्यात पाणी आलेली तोंडं टाकली, बघितलं असशील… आनंदाश्रू न्हवतं ते अण्णा. हसू आवरंना म्हणून पाणी. सगळी पोरं हसत होती रात्री, आणि तुमी सगळी मोठी माणसं तितंच खाली फुलं आणि बेलपानं टाकत होता. एकाच ग्रुपवर. आणि मी अंगठा.

… कसं कळायचं म्हणजे? अरे अव्वा न्हाय का करत? वहिनी माहेराहून एक दिवस उशिरा आली की अव्वा दारात म्हणायची, ‘या बाईसाहेब, पंचारती ओवाळू का?’ मग तू काय पळत जाऊन पंचारती आणायचास?… न्हाय ना? गप बसायचास ना?… तसंच हाय हे.

… व्हय. तितं अव्वाचं तोंड दिसतं. कमरेवरचा हात दिसतो. हितं नुसती अक्षरं. बरोबर हाय तुझं. मी कुटं चूक म्हणतेय तुला? माझं मलाच कळलं न्हाय, मी तिची आई असून.

पण तुला आता तरी कळलं ना? फिरव गाडी. माझ्या पाया पडते तुझ्या… तुझ्या पाया पडते अण्णा, फिरव. अव्वाला काय तरी सांग. सिद्धीला ताप हाय म्हण. घरात सुतक हाय म्हण. काय पण म्हण, पण थट्टा म्हणू नको तिला. तिच्या जिवाला लागंल. आणि प्रभुलिंगला तर अजिबात…

… काय?

… स्पीकरवर हाय?

कधीपासनं?

… पहिल्यापासनं.

म्हंजे अव्वानं… स्वामींनी… सगळ्यांनी…

(सिद्धे. सगळं ऐकलं त्यांनी. प्रभुलिंगनं पण. गाडीतल्या स्पीकरवर चाललंय सगळं… आता बोल की! मघाशी फोन ओढत होतीस न्हवं, मीच सांगते, मीच सांगते! घे, सांग!… भिंतीकडं काय बघायलीस?)

अव्वा? अव्वा, आराम इद्दी? बरी हायस न्हवं?… अव्वा, अळब्याड गं, रडू नको… चेष्टा तुझी न्हाय केली तिनं. तुझी कशाला करंल? तुझा जीव की प्राण ती… अव्वा… व्हय, अव्वा… व्हय गं… मी काय करू सांग. तूच सांग मला. हिकडं आड तिकडं विहीर झालंय माझं. पोटच्या पोरीला ढकलू का त्या चेष्टेपायी? का तुझ्या दारात पाय ठेवायचा बंद करू? एक काय तरी जाणारच आज माझं.

… वहिनीला दिलास व्हय फोन… वहिनी, काय बोलू तुमाला… व्हय… व्हय वहिनी… साडी तुमी माघारी द्या, न्हायतर मी घेते ती… न्हाय, मेहेरबानी न्हाय हो… टोमणा न्हाय मारला मी! देवाशपथ न्हाय मारला! साडी घेते म्हणाले, सरळ म्हणाले!… आता मी काय पण बोलले तरी तसंच वाटायलंय तुमाला.

… का थांबली गाडी? आवाज बंद झाला… कुटं थांबलात?… कुंभारीपाशी. का? कुणी थांबवली?… प्रभुलिंगनं. खाली उतरलाय… काय करायलाय?… नुसता उभारलाय.

दे त्याला. फोन दे त्याच्याकडं… दे अण्णा. मी बोलते.

… प्रभू? बाळा, मी चंद्रिकाआत्या… व्हय… व्हय रे… ऐकलास तू सगळं… बाळा, ते उतावळा-बितावळा जे मी म्हणाले, ते… ‘असू दे आत्या’ म्हणू नको. असू दे म्हणू नको, मला आणखी कसं तरी होतंय. बोल काय तरी. चिडलास तर चिड.

… हां… विचार की.

… तुझ्यावर हसायला? तुझ्यावर न्हाय रे… तुझा फोटो होता, पण… तुझ्यावर न्हाय. कसं सांगू… तिला राग मामाचा आला आणि लिवलं ते तुझ्या फोटोखाली पडलं… व्हय. सगळी पोरं हसली. व्हय… व्हय बाळा, तुझ्याच फोटोखाली हसली.

… तुला काल रात्रीच वाटलं होतं? काय वाटलं होतं?… की चेष्टा हाय… मग बोलला का न्हाईस? अरे मग आलास कशाला गाडी घेऊन!

… अव्वा इतकी नाचायला लागली की… बरं… आणि?… आणि काय? सांग की.

… ‘एखाद्या वेळेस खरं असंल’ म्हणून.

(… काय न्हाय. काय न्हाय गं. तो म्हणतोय, त्याला कळलं होतं तरी आला. एखाद्या वेळेस तू खरंच लिवली असशील म्हणून… कुटं चाललीस? सिद्धे! बस हितं! … रडून काय होणार आता, फोन घे, बोल त्याच्याशी… काय बोलू म्हणजे? सरळ बोल. एकदा तरी सरळ बोल… न्हाय? बरं. नको बोलू.)

प्रभू, बाळा, ती… ती हितंच हाय. तिला बोलवंना झालंय… हे उलटं न्हाय रे, खरंच बोलवंना तिला. रडायलीय… मी खरं सांगायलीय… बरं. बरं, दे अण्णाला. आणि ऐक, होटगीच्यांना मी फोन करते. मी स्वतः करते, काय ते माझ्यावर घेते… नको? का नको?… बरं. दे अण्णाला.

… अण्णा? थांब, मी पण टाकते स्पीकरवर, ही पण ऐकू दे. तिच्या कानानं ऐकू दे.

हां. बोल. शिव्या दे मला. मोठा भाऊ हायस, दे.

… काय?… ‘भाची लई हुशार निघाली’… अण्णा… ‘आमी खेड्यातली माणसं, आमाला काय कळतंय’… असं नको ना बोलू… बरं, बोल, बोल. गप बसते मी.

… काय? येता?… जेवायला येता? सगळे?… अव्वा पण? स्वामी पण?… ‘निघालोच हाय तर जेवून जातो, पाच पानं वाढून ठेव’… बरं… बरं अण्णा… काय?… ‘तुझं माहेर कुटं जात न्हाय, दार उघडंच हाय तुला, कधी पण ये’…

… अण्णा.

थांब. ठेवू नको. हे तू मनापासनं म्हणालास का… का टोचून म्हणालास?… न्हाय, मला खरंच कळंना झालंय. आवाज तसाच हाय तुझा, नेहमीसारखा. मी लहानपणापासनं ऐकलाय तुझा आवाज, तरी कळंना… अरे सांग की! भात टाकू का नको? पोळ्या लाटू का? तेवढं तरी सांग. मी उठून कामाला लागू का हितंच बसू?… गाडी चालू झाल्याचा आवाज आला. कुणीकडं तोंड हाय गाडीचं? सोलापूरकडं का माघारी?… अण्णा? माघारी चालला असशील तर तसं सांग, मी काय म्हणणार न्हाय, पण सरळ सांग…

हॅलो?… अण्णा?… हॅलो?

गेला.

सिद्धे. ऐकलीस ना तू? डोळे पूस आणि सांग मला. तुमाला कळतं की असलं उलटंसुलटं. मामा शेवटी काय म्हणाला, दार उघडं हाय म्हणाला… ते खरं म्हणाला का गं?

… अगं सांग की.

… तुला पण न्हाय कळलं?